दाराजवळची जागा

“काका, एक जागा रिकामी राहिलीय. मागच्या दाराजवळची,” निलेश म्हणाला.

“माहितेय,” देवदत्त म्हणाले.

निलेश बोरिवलीत आपल्या घरी होता, देवदत्त मुलुंडमध्ये आपल्या. दोघांच्या पडद्यांवर एकच विमान उभं होतं. दोन पंख्यांचं, जुनं, लष्करी, माल वाहणारं. तसली विमानं आता फारशी उडत नाहीत. संगणकावर विमान चालवणारी हौशी मंडळी असतात, त्यांच्यासाठी हे दोघे ते जसंच्या तसं बनवत होते. त्याला खेळ म्हटलेलं या मंडळींना खपत नाही. पंखाच्या पत्र्यात ठोकलेला एक रिव्हेट इकडचा तिकडे झाला, तर कुठल्याशा देशातला कोणीतरी फोटोसकट भांडायला येतो. देवदत्तांची त्याला ना नव्हती. आयुष्यभर यंत्रांचे आराखडे काढलेला माणूस. निवृत्तीनंतर असं काम मिळालं, की एखादा जेवणखाण विसरेल. ते विसरत नसत. हाक आली की उठत, जेवत, परत येऊन बसत. काय जेवलात असं विचारलं असतं तर मात्र सांगता आलं नसतं.

विमान तपासून बघणाऱ्यांनी एकच तक्रार केली होती. आत माणसं हवीत, नुसते बाक भकास दिसतात. मग निलेशने माणसं तयार करून पाठवली. गणवेशातली, मांडीवर पिशव्या घेतलेली. ती बसवली देवदत्तांनी. दोन्ही भिंतींना लागून लांब बाक, समोरासमोर तोंडं, कमरेला पट्टे. सगळे बसले. एक जागा सोडून.

“उद्या लोकांना द्यायचंय आपल्याला,” निलेश म्हणाला. “एवढं झकास झालंय, आणि बरोब्बर तिथेच बोट ठेवतील सगळे. मी टाकू का एक माणूस?”

“नको.”

“मग ती जागा तरी काढून टाका. बाक तिथेच संपवा. काहीतरी एक करा ना, काका.”

“बघतो,” म्हणून त्यांनी फोन बंद केला.

निलेशला ठाऊक नव्हतं. त्याची ओळख या विमानापुरतीच होती. देवदत्तांचा मुलगा सर्वेश सैन्यात होता. रजा मिळाली त्या दिवशी त्याने आईला फोन केला होता. इथून एक विमान निघतंय, जागा मिळाली तर त्याने येतो, नाहीतर गाडीने. ते विमान डोंगर ओलांडून पलीकडे पोचलंच नाही. जंगलात अवशेष सापडले. माणसं ओळखण्यासारखी उरली नव्हती. सर्वेश त्यात होता, असं तळावरून कळवलं. त्याच्या आईने, मृणालिनीबाईंनी, शांतपणे ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, “जागा मिळाली नसेल त्याला.”

तेव्हापासून हेच. त्यांनी फोटोला हार घालू दिला नाही, मुलाचे दिवस घालू दिले नाहीत. नातेवाइकांनी विषय काढला की त्या उठून आत जात. सर्वेशचा मोबाइल नंबर बंद पडू नये म्हणून अजून त्यावर रिचार्ज करत. मग तो आहे कुठे, असं विचारायची कोणाची छाती नव्हती. देवदत्तांचीही नव्हती. पुढे पुढे तर त्यांना काही वाटेनासंच झालं. मुलगा गेला याचं रडू येत नव्हतं, तो येईल अशी आशाही नव्हती. ते विमान बनवायला बसले. शेजारपाजारचे हळू आवाजात म्हणत, सर्वेश गेला ते हेच. मृणालिनीबाईंच्या हिशेबी, ज्यात तो बसलाच नाही ते. त्या या खोलीत पाऊल टाकत नसत.

देवदत्त पडद्याकडे बघत राहिले. माणूस बसवला, तर सर्वेश गेला. जागाच काढली, तर तो त्यात कधी असूच शकला नाही. तेही खोटं. रिकामी ठेवली, तर बायकोचं म्हणणं तेवढं शाबूत राहत होतं. उद्या लोक हसले तर हसोत.

“कोणाची जागा काढायची म्हणतोय तो?”

मृणालिनीबाई दारात उभ्या होत्या. हातात सोललेल्या वाटाण्यांची ताटली होती. फोन मोठ्या आवाजावर होता, स्वयंपाकघरात सगळं ऐकू गेलं होतं.

देवदत्तांनी पडदा बंद करायला घाईने हात पुढे केला.

“राहू द्या.”

त्या आत आल्या. ताटली टेबलावर ठेवली, डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पुढच्या टोकापासून एकेक माणूस बघत गेल्या. निलेशने सगळे चेहरे एकाच साच्यातले काढले होते. तरी त्यांनी एकही चेहरा गाळला नाही.

“यांच्या घरच्यांनी काय केलं?” त्यांनी विचारलं.

“केलं सगळं,” देवदत्त म्हणाले. “केव्हाच.”

देवदत्तांना वाटलं, आता नेहमीसारख्या निघून जातील. ते थोडे घाबरले. कित्येक दिवसांत त्यांना कशाचीच भीती वाटली नव्हती.

“मी ती तशीच ठेवतो,” ते म्हणाले. “रिकामी. कोणी काही म्हणू दे.”

मृणालिनीबाईंनी नकारार्थी मान हलवली. पडद्यावर, त्या मोकळ्या जागेवर बोट टेकवलं. मग ते बोट बाकावरून हळूहळू आतल्या बाजूला नेलं.

“दाराशी नका बसवू त्याला,” त्या म्हणाल्या. “इथे आत बसवा. गार वारा सोसत नाही त्याला.”