आणि नाही झालं तर?

शुभदाची आई डबाभर नारळाच्या वड्या घेऊन ऑफिसात आली, तेव्हा शाळिग्राम सरांना त्या डब्याकडे बघवेना.

"सर, तुमचे उपकार कसे फेडू? पोरगी पार निवांत झाली बघा. पूर्वी घरातून निघताना दहादा गॅस बघायची. आता चालू ठेवून निघून जाते, मीच बंद करते!" आई कौतुकाने हसली.

सर कसनुसं हसले. शुभदा त्यांची सगळ्यात पक्की प्रोग्रामर. ती ज्या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत काम करायची, ती भारी खवट होती. प्रत्येक ओळीला 'आणि नाही झालं तर?' असं विचारायची, उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकू द्यायची नाही. दहा वर्षांत तो प्रश्न शुभदाच्या हाडीमाशी खिळला होता. पण कामं रखडत होती. म्हणून मार्चमध्ये सरांनीच तिला मेंदूत भाषा भरणारं हेल्मेट घालायला लावलं. चहाच्या वेळेपर्यंत नवी, झटपट भाषा तिच्या मेंदूत उतरली आणि जुनी, तिच्या सवयींसकट, पुसली गेली.

तेवढ्यात शुभदा आत आली. "सर, धरणाच्या दरवाजांचा प्रोग्राम तयार आहे. उद्या चालू करू."

"आणि दरवाजा अडकला तर?"

"अडकेल कशाला?" तिने हसून त्यांच्या हातावर वडी ठेवली.

वडी तशीच हातात राहिली. हेल्मेट चढवताना तिने त्यांना शेवटचं विचारलं होतं, "सर, आणि जुनी भाषा परत आली नाही तर?"

"येईल गं," असं ते म्हणाले होते.