ज्याचं तोंड हलणार नाही

"अंडी नासकी आणायला सांगितली होती," व्हर्लीन म्हणाली.

"नासकी कोण विकतं?" क्लोव्हिसने ट्रक प्राध्यापक विटकॉमच्या दारासमोर उभा केला.

व्हर्लीन भरदिवसा खाली उतरली. ती लपतछपत काही करणारी बाई नव्हती, आणि सगळी गल्ली तिच्याच बाजूची होती. तिने दारावर, खिडकीवर, पायरीवर नेम धरून अंडी फोडली. नवरा स्टिअरिंग धरून बसून राहिला.

"दोन उरली," ती आत बसत म्हणाली. "असू दे, लागतील."

अमेरिकेच्या दक्षिणेतलं टॅलबर्ट कॉलेज सरकारी, पण दर शनिवारी फुटबॉलच्या सामन्याआधी तिथल्या भोंग्यावरून ब्रदर टॉलिव्हर प्रार्थना सांगायचे. व्हर्लीनच्या बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री, आवाज असा की नदीपलीकडे ऐकू जावा. यंदाच्या पहिल्याच सामन्याला त्यांनी देवाकडे मागणं मागितलं, "पुतळ्यांपुढे गुडघे टेकणाऱ्यांनाही थोडी अक्कल दे." कॅथलिकांवरचा टोमणा ओळखून मैदान खो खो हसलं. व्हर्लीन तर अशी हसली की क्लोव्हिसच्या हातातले उकडलेले शेंगदाणे सांडले. आपलाच धक्का लागला असं तिला वाटलं.

पुढच्याच महिन्यात वकिलांची नोटीस आली: सरकारी मैदानावर, सरकारी भोंग्यावरून कुणा एका धर्माची प्रार्थना चालणार नाही. प्राचार्यांची गाळण उडाली आणि भोंगा बंद झाला. तक्रार करणाऱ्याचं नाव वकिलांनी गुप्त ठेवलं.

नाव हवंय कुणाला? उत्तरेकडून आलेला, रसायनशास्त्र शिकवणारा आणि रविवारी ऐन चर्चच्या वेळेला अंगणातलं गवत कापणारा माणूस गावात एकच होता: प्राध्यापक विटकॉम.

शुक्रवारी ब्रदर टॉलिव्हर जेवायला आले. क्लोव्हिस शुक्रवारी मांस खात नसे; नेहमीसारखा मासे तळत होता.

"भोंगा बंद केला, आपले गळे नाही," ब्रदर म्हणाले. "उद्या सगळं मैदान उभं राहून स्वर्गातल्या बापाची प्रार्थना म्हणेल. मोठ्याने. आणि सिस्टर, तुम्ही फक्त तोंडं बघायची. ज्याचं तोंड हलणार नाही, तोच आपल्याला हवा असलेला माणूस."

"ती पाठ केलेली प्रार्थना," क्लोव्हिस कढईवरून मान वर न करता म्हणाला. "आपल्या चर्चमध्ये कुठे म्हणतो आपण?"

खरंच म्हणत नसत. त्यांच्याकडे ज्याला जसं सुचेल तसं देवाशी बोलायचं. पाठांतर म्हणजे पोपटपंची.

"अरे, पण लहानपणची सगळ्यांना येते," ब्रदर म्हणाले. "शेपटासकट म्हणायची मात्र. राज्य तुझं, सामर्थ्य तुझं, सगळं. त्या कॅथलिकांसारखी शेवटची ओळ गिळून नाही."

व्हर्लीन हसली. "मासा उलट, करपतोय," तिने नवऱ्याला सांगितलं.

"आणि माणूस सापडला की?" क्लोव्हिसने विचारलं.

"सापडू तर दे! चर्चमध्ये, दुकानात, कुणाच्या अंगणात पाय ठेवू देणार नाही त्याला. देवासमोर सांगते."

आणि ती करून दाखवणारी बाई होती. क्लोव्हिस लुइझियानातल्या दलदलीतून कामासाठी इकडे आला, तेव्हा हिने त्याला आपल्या चर्चच्या तळ्यात बुडवून बाप्तिस्मा करवला आणि मगच लग्न केलं. त्याआधी तो कुठल्या चर्चला जात होता हे तिने कधी विचारलं नाही. तळ्यात मागचं सगळं धुऊन निघतं, अशी तिची खात्री होती.

शनिवारी मैदान भरलं. विटकॉम बायकोला घेऊन दोनच रांगा खाली बसलेला. व्हर्लीनने आसपासच्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "तोंडावर नजर ठेवा." शेजारची ओपल तर दुर्बीणच घेऊन आली होती.

ब्रदर टॉलिव्हरनी टोपी उंच केली. हजारो माणसं उठली आणि प्रार्थना सुरू झाली. व्हर्लीनने विटकॉमकडे बोट रोखलं.

विटकॉम म्हणत होता. डोळे मिटून, स्वच्छ आवाजात, एकही शब्द न चुकता. तिला असा संताप आला की स्वतःचे शब्द अडखळले. मेला चक्क म्हणत होता!

वाईटापासून सोडव, इथवर सगळे आले. शेवटच्या ओळीसाठी मैदानाने श्वास घेतला, आणि त्या शांततेत तिच्या कानाशी कुणीतरी म्हणालं,

"आमेन."

क्लोव्हिसचा हात कपाळाला लागला, मग छातीला, मग दोन्ही खांद्यांना: कॅथलिकांची क्रूसाची खूण. भोवती शेवटची ओळ गर्जत उठली. त्याचं तोंड मिटलेलं होतं.

ओपलने दुर्बीण खाली केली. पुढची रांग मागे वळली. व्हर्लीनचं बोट अजून विटकॉमवरच रोखलेलं होतं.

"तोंड हलव," ती कुजबुजली. "सगळे बघताहेत रे. क्लोव्हिस, माझी शपथ आहे, नुसतं हलव!"

"ट्रकमध्ये दोन अंडी उरलीत," तो म्हणाला. "घरी गेलो की आपल्या दारावर फोड."