डुगडुग

"अजून डुगडुगतंय रे," टेबलावर हात ठेवून सासूबाई म्हणाल्या. नवऱ्याने घाम पुसला आणि पुन्हा करवत उचलली.

जुन्या बाजारातून आणलेलं ते जेवणाचं टेबल आम्ही दोघांनी घासून, पॉलिश करून नवंकोरं केलं होतं. तिघांनी एकत्र जेवावं, एवढीच माझी हौस. पण पाय लोंबकळत ठेवून सासूबाईंना घशाखाली घास उतरत नसे. "तुम्ही खुशाल जेवा टेबलावर, मी आपली स्वयंपाकघरात पाटावर," असं त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं.

नवरा खाली आडवा होऊन टेबलाचे पाय कापायचा, सासूबाई वरून तपासायच्या. दुपारी टेबलाचं टीपॉय झालं, संध्याकाळी चौरंग. मला तर रडूच आलं.

सासूबाईंनी मात्र त्यावर तीन ताटं मांडली आणि ऐसपैस मांडी घातली. "या रे दोघं, आमटी निवतेय."

आम्ही घाबरत घाबरत बसलो. वाट्या काठोकाठ भरलेल्या होत्या, पण थेंबही सांडला नाही.

"आई, आता कसं डुगडुगत नाही?" मी विचारलं.

भुरका मारत त्या म्हणाल्या, "आता कशाला हलवू मी?"