फटफटीची वर्दी

"एक तं ही म्हईस राही, नही तं तुमनी फटफटी," रिकामी चरवी खाली आदळत भिकुबाई म्हणाली. "दोन्ही एक आंगनमा नही चालनार."

लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावातून तिच्या नवऱ्यानं, झुलाल नानांनी, मोठ्या हौसेनं फटफटी आणली होती. अख्ख्या गावानं तिचं कौतुक केलं, एक म्हैस सोडून. नाना अमळनेरहून परतायचे ते नेमके धारेच्या वेळी. फटफटी अंगणात शिरली की म्हैस पान्हा चोरायची, वर लाथ झाडायची ती वेगळीच. नातवंडांच्या भाकरीवर दुधाऐवजी वरण येऊ लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नाना धोतर खोचून अंगणात बसले. आधी त्यांनी धुराच्या नळ्यात नारळाचा काथ्या कोंबला. गाडी सुरू करताच तो असा पेटला की शेजारचा चिंधा पाण्याची घागर घेऊन धावला. मग त्यांनी घासलेटच्या डब्याचा पत्रा कापला, खिळ्यानं त्याला भोकं पाडली, गुंडाळून नळी केली. तेलाच्या गिरणीतून आणलेला लोखंडाचा कीस तिच्याभोवती लपेटला आणि नळी धुराच्या नळ्यात ठोकून बसवली. किक मारली. फटफटी हुक्क्यासारखी गुडगुडली. म्हशीनं कानही हलवला नाही.

"आते कशी?" नानांनी विचारलं.

"आते मानूससारखी बोलनी," भिकुबाई म्हणाली.

नाना खुशीत अमळनेरला गेले आणि संध्याकाळी त्याच खुशीत परतले. नाला ओलांडला, गल्लीत शिरले, तरी वाटेतलं कुत्रंसुद्धा उठलं नाही. दाराशी येऊन त्यांनी गाडी बंद केली. आतून हसण्याचा लोट आला.

घरच्या कर्त्या पुरुषानं दाराशी येताना खाकरायचं, म्हणजे सुना पदर पुढे ओढून उभ्या राहतात, ही जुनी रीत. नानांच्या वडिलांनी ती पाळली आणि नानांनीही पाळली. पण फटफटी आल्यापासून नानांनी खाकरणं सोडूनच दिलं होतं. नाल्यापासूनच वर्दी जायची, मग घशाला त्रास कशाला? आज मात्र वर्दी गेलीच नव्हती, आणि हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

त्यांनी दाराच्या फटीतून पाहिलं. धाकटी सून मंजुळा उलट्या टोपल्यावर स्वार झाली होती. डोक्यावर नानांचा फेटा. वाऱ्यानं उडतो म्हणून फटफटीवर ते टोपी घालत आणि फेटा घरी खुंटीला राही. लाटणं दोन्ही हातांत आडवं धरून, गाल फुगवून ती ओरडत होती, "फट फट फट! सरका, सरका! नानानी फटफटी उनी!"

"हळू वं बाई," म्हणत थोरली ताईबाई स्वतःच खांबाला धरून हसत होती. आणि भिकुबाई? भिकुबाई तर जमिनीवर बसली होती, कुशी धरून, डोळ्यांतून पाणी गाळत.

नानांचा हात दाराला लागला आणि तिथंच थांबला. इतक्या वर्षांच्या संसारात भिकुबाईचं असं हसणं त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांच्या मनाला लागलं, खोटं कशाला सांगा. घर आपलं, माणसं आपली, आणि हसू तेवढं आपल्याला पारखं. पण पोरीनं त्यांची ऐट अशी नेमकी उचलली होती की त्यांनाही हसू आवरेना. त्यांनी टोपी तोंडात धरली. आता खाकरलो तर? डोक्यावर सासऱ्याचा फेटा असताना पोर जागच्या जागी लाजेनं मरेल आणि या घरात पुन्हा टोपल्यावर बसायची नाही.

नानांनी गाडी आवाज न करता वळवली आणि हातानं ढकलत परत नाल्यापर्यंत नेली. पक्कड काढली. नळी तापलेली होती, बोटं भाजली. धोतराच्या सोग्यानं धरून त्यांनी ती ओढून काढली आणि किक मारली. फाड फाड फाड! बाभळीवरचे बगळे उडाले. दोनदा जोरात घुमवून त्यांनी गाडी बंद केली, दगडावर बसून निवांत बिडी ओढली आणि मग ते धूड ढकलत चढावरून घराकडे निघाले.

अंगणात सगळं जिथल्या तिथं होतं. सुना पदर ओढून उभ्या, टोपलं सरळ, फेटा खुंटीवर. चरवीत दुधाला फेस आलेला.

"पेट्रोल सरनं का?" घामाघूम नवऱ्याकडे बघत भिकुबाईनं विचारलं.

"नही. म्हईस दचकाले नको, म्हनीसन नालापासून ढकलत उनू."

"आनि ती नळी?"

"जयी गई," नाना म्हणाले. नळी न जळता त्यांच्या कोटाच्या खिशात होती.

हातपाय धुऊन ते चावडीवर जायला निघाले आणि त्यांनी खुंटीवरचा फेटा घेतला. पीळ भलताच होता. शेमल्याचं लोंबतं टोक नेहमी डावीकडे असायचं, ते उजवीकडे आलं होतं. एरवी त्यांनी फेटा सोडून पुन्हा बांधला असता. आज तसाच डोक्यावर चढवला आणि भिकुबाईसमोर उभे राहिले.

"कसा दिसस मी?"

भिकुबाईनं फेट्याकडे पाहिलं, मग नानांच्या डोळ्यांत पाहिलं आणि घाईघाईनं पदर तोंडाला लावला. तेवढ्यात दारामागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

नानांनी ते ऐकलं. ते खाकरले नाहीत.