आकडा नियमात आहे

उशीवर तळहाताएवढी गरम जागा. पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवलेले घरातले दोन्ही फोन. लाल झालेला एकच कान.

मोबाइल टॉवरच्या लहरी मोजणं हे त्याचं काम. गल्लीत सगळे त्याला मीटरवाला म्हणत. "आकडा नियमात आहे, निर्धास्त झोपा," असं लोकांना सांगण्यात त्याची हयात गेली. आता खुद्द बायकोच म्हणत होती, उजवा कान भाजतोय.

"गावभर धीर वाटत फिरता आणि घरात दिव्याखाली अंधार," ती म्हणाली. "मोजा ना एकदा."

भर दुपारी त्याने मीटर काढलं. सवयीप्रमाणे आधी रिकाम्या कोपऱ्यात धरलं. शून्य. खिडकीत शून्य. डब्यापाशीही शून्य.

"बघ, उगाच जिवाला घोर लावून घेतेस."

मीटर तिच्या उजव्या कानाजवळ नेलं, तसं ते कुरकुरलं. थांबलं. पुन्हा कुरकुरलं. फोन वाजण्याआधी शेजारचा रेडिओ कुरकुरायचा, अगदी तसं. काटा टोकाला जाऊन अडकला.

"हलू नकोस."

"मघापासून वाजतोय," ती शांतपणे म्हणाली. "घेऊ का?"

तो नको म्हणायच्या आत तिने रिकामा तळहात कानाला लावला. कुरकुर थांबली. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग तोच तळहात तिने त्याच्यापुढे धरला.

"तुमच्यासाठी आहे."

लहानपणीच्या तापात तिचा उजवा कान कायमचा बहिरा झाला होता.