ब्रशापुरते केस
शिकागोतल्या साडीच्या दुकानाची पाटी रंगवणं थांबवून बेहरूझनं इराणहून आलेलं आईचं पाकीट फोडलं. आत पांढऱ्या केसांची जुडी निघाली. “तिकडे बॉम्ब पडतायत, आणि आईनं काय धाडलंय?” दुकानवाल्या पद्मिनीकाकूंनी विचारलं. “माझी मांजर,” तो हसला. लहानपणी चित्रांतल्या पापण्या रेखायला तो तिच्या गळ्याखालचे केस कापून ब्रश बांधायचा आणि आईचा मार खायचा. आता आईच लिहीत होती, ‘तिकडच्या ब्रशांनी पापणी जमत नाही म्हणालास. तुझी मांजर मजेत आहे. हे घे तिचे केस.’ बेहरूझनं जुडी भिजवून ओठांतून ओढली. मांजरीच्या केसांना सुईसारखं टोक येतं. हे विस्कटलेलेच राहिले. त्यांना आईच्या वेणीतल्या गुलाबपाण्याचा वास होता. त्यानं जुडी पुसून पुन्हा पाकिटात जपून ठेवली. मग त्यानं कार्ड लिहिलं, ‘आई, ब्रश झकास झाला. मांजरीला जप.’