गोळी उतरेपर्यंत

आईने गोळी घेतली होती. प्रदर्शनाच्या दालनात, मुलीच्या यंत्रासमोरच्या खुर्चीवर ती ठेवणीतले कपडे घालून बसली होती आणि तिचे हात मांडीवर अगदी गुणी पोरांसारखे गप्प होते.

मुलीने तिच्या मनगटावरचा पट्टा घट्ट केला. वायर काढून पुन्हा लावली, संगणक बंद करून सुरू केला. शेजारी भरतकामाच्या यंत्राची सुई ताणलेल्या कापडावर निळ्या दोऱ्याची सरळ रेघ घालत राहिली. फूटपट्टीने मारावी तशी. वायरमध्ये दोष नव्हता, हे मुलीला आईच्या चेहऱ्याकडे बघून कळलं.

"गोळी घेतलीस?"

"अर्धीच," आई म्हणाली. पण खोटं बोलणं तिला कधी जमलेलं नव्हतं. "पूर्ण घेतली. एवढी मोठी माणसं येणार, त्यांच्यासमोर तुला मान खाली घालायला नको, म्हटलं."

डिझाइनच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मुलीने आईचा कंपवात घेतला होता. पट्ट्याने हाताची थरथर टिपायची आणि सुईने ती त्याच क्षणी कापडावर भरायची. प्राध्यापकांनी वर्गात उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. आधी टिपून ठेवलेली थरथर वापरता आली असती, पण 'सर्व काही तुमच्यासमोर, जिवंत' असं तिनेच भिंतीवर हातभर अक्षरांत छापून लावलं होतं. दुपारची गोळी घ्यायची नाही, हे आईला सकाळी दोनदा बजावलं होतं. आईने मान डोलावली होती आणि दुपारी मुलीच्या अब्रूची काळजी वाटून गोळी गिळली होती. आयांचं हे असंच असतं, करायला जातात एक.

"मी हलवते की हात," आई म्हणाली आणि हलवायला लागली. हाच हात थांबावा म्हणून इतकी वर्षं तो मांडीखाली दाबून बसणारी बाई आता तो जिवाच्या आकांताने हलवत होती. सुईची रेघ सरळच राहिली.

"ते मुद्दाम केलेलं घेत नाही, आई."

"मग काय घेतं?"

माणूस स्वतःहून करतो ती हालचाल गाळायची आणि फक्त आजार ठेवायचा, हीच तर तिच्या प्रोग्रामची करामत होती. टाळ्या पडल्या होत्या त्या त्यालाच.

तिने प्राध्यापकांना गाठून आपला नंबर शेवटी घ्यायला लावला. ते लगेच हो म्हणाले. कलेला घाई चालत नाही, असंही म्हणाले. मग मायलेकी गोळीचा अंमल उतरायची वाट बघत बसल्या. मुलीने आईला जिना चढायला लावला, उतरायला लावला. आईने तक्रार केली नाही. उलट थोड्या थोड्या वेळाने स्वतःच हात पुढे धरून बघायची आणि अजून नाही गं, म्हणून ओशाळायची. शेजारच्या टेबलापाशी परीक्षक आले, तेव्हा कुठे तिची करंगळी जराशी हलली. कापडावर एक टाका वाकडा पडला आणि पुन्हा सगळं सरळ.

मनाला लागलं की कंप वाढतो, हे मुलीला डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरात आईशी जपून बोला, असं सांगताना.

ती आईच्या कानाशी वाकली.

"तुझ्यामुळे माझं वर्ष वाया जाणार," ती म्हणाली. सुई किंचित डगमगली. मुलगी आईकडे बघत नव्हती, सुईकडे बघत होती. मग ती आणखी हळू बोलली. "बाबा शेवटी शेवटी पाणी माझ्याच हातून मागायचे. तुझ्या हातून नको म्हणायचे. सांडतेस म्हणून."

आईने एकदाच तिच्याकडे बघितलं. मग तिची बोटं सुटली, मनगट सुटलं, हात कोपरापर्यंत सुटला. सुई कापडावर सैरावैरा धावायला लागली. निळे टाके एकमेकांवर चढले, गुंतले, तुटले, पुन्हा उठले. इतकं सुंदर वर्षभरात एकदाही आलं नव्हतं.

परीक्षक आले आणि बघतच राहिले. त्यांच्यातल्या एक बाई चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या. यंत्रं माणसाला निर्दय करतात असं आम्ही समजत होतो, तुम्ही आज आमचे डोळे उघडलेत, असं त्या मुलीला म्हणाल्या. दुसऱ्यांनी आईला विचारलं, असं काम करणारी मुलगी पोटी आली, कसं वाटतं? आईने मान हलवली. ती हो म्हणून हलली की आपोआप, ते कुणाला कळलं नाही. पहिला नंबर तिथल्या तिथे जाहीर झाला. प्रदर्शन आठवडाभर चालणार होतं, बाहेरचे पाहुणे येणार होते. हे प्रात्यक्षिक रोज व्हायलाच हवं, असं प्राध्यापक म्हणाले आणि मुलीने कुणालाही न विचारता हो म्हटलं.

गर्दी पांगली. मुलीने पट्टा सोडला. आईचा हात अजून थांबला नव्हता. त्याच हाताने तिने पर्स उघडली, बराच वेळ चाचपून गोळ्यांची डबी काढली आणि मुलीपुढे धरली. डबी खुळखुळत होती.

"ही तुझ्याकडेच ठेव," आई म्हणाली. "म्हणजे उद्या बाबांना मध्ये आणावं लागायचं नाही."

मुलीने डबी घेतली. तिच्या हातात ती अजिबात वाजली नाही.